वीस एचपीचा जावई

जोतीराम माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढचं वाचून कुणाला तशी शंका येऊ नये. गिऱ्हाइकाच्या मोटरीत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार भरावी, असं त्यानं जन्मात केलं नाही. सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि दुकानाला बायकोचं नाव होतं, यावरून स्वभावाची कल्पना यावी. खोड एकच. जवळच्या माणसाचं बरं झालेलं त्याला सोसत नसे.

जवळच्याच. लांबच्यांचं त्याला काही नव्हतं. साखर कारखान्याच्या अध्यक्षाच्या गाड्या रस्त्यानं गेल्या की तो कौतुकानं थांबून बघे, नंबरसुद्धा वाचे. पण शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं दुकानाला काचेचं दार बसवलं, तेव्हा आठवडाभर त्याला भाकरी गोड लागली नाही.

"काचंचं दार! वेल्डिंगच्या दुकानाला! ठिणगी उडाली म्हंजी?"

"जळका वास येतोय," दीपमाला आतून म्हणाली. "मोटर जळली, का तुमीच?"

दीपमाला त्याची बायको. नवऱ्याची ही खोड तिनं लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ओळखली होती आणि तिच्यावर औषध नाही हे दुसऱ्यात.

खोडीचं मूळ कोरेगाव तालुक्यात होतं, जिथं जोतीराम जन्मला. थोरला भाऊ फौजेत गेला. तो सुट्टीवर आला की घरात गादी खाली उतरे, कोंबडी कापली जाई, आणि गावातली जाणती माणसं त्याला सीमेवरच्या परिस्थितीबद्दल विचारत. भाऊ पुण्यात भांडारात कारकून होता, पण विचारत. जोतीरामही भरतीला गेला. पळण्यात निघाला, छाती फुगवण्यात राहिला. मग आयटीआय, मग मिरजेत एका वाइंडरच्या हाताखाली उमेदवारी, मग सांगलीत स्वतःचं दुकान. मोटरी त्यानं पुष्कळ बांधल्या, पण बारकाईनं पाहिलं तर त्याला मोटरींचं एवढं वेड नव्हतं. त्याला हवं होतं ते भावाला मिळायचं तेच: कुणीतरी यावं, समोर बसावं आणि विचारावं.

ते त्याला मिळालं सासुरवाडीला.

सासरे तातोबा यांची तासगाव रस्त्याला हळद पॉलिशची गिरणी होती. शिजवून वाळवलेली हळकुंडं जाळीच्या मोठ्या ड्रममध्ये घालायची, मोटरीनं ड्रम फिरवायचा; हळकुंडं एकमेकांना घासतात, साल-माती गळून पडते आणि पिवळीधमक हळद बाजाराला जाते. या धंद्यात सगळं मोटरीवर. आणि मोटरीबद्दल तातोबांना एवढंच ठाऊक होतं, की ती चालते किंवा चालत नाही. मधल्या सगळ्या गोष्टी जोतीरामला ठाऊक. त्यामुळं लग्नानंतर त्या घरात एक रीतच पडून गेली. तारेची कुठलीही वस्तू त्याला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. गिरणीची मोटर तर सोडाच. सासूबाई अंबूबाईंनी मिक्सर घेतला तेव्हासुद्धा दुकानदाराच्या फोनवर जोतीरामशी बोलणं झालं, त्यानं "घ्या" म्हटलं, मग पिशवीत पडला. वर्षानुवर्षं हे चाललं. जोतीराम त्या घरात शिरला की कुणीतरी काहीतरी बंद पडलेलं हातात घेऊन उभं असायचं, आणि तो ते बघून हळूहळू मान हलवायचा. त्याच्या आयुष्यातले सुखाचे क्षण काढले, तर निम्म्याहून जास्त या मान हलवण्यात निघतील.

मग धाकट्या मेहुणीचं, संयोगिताचं लग्न ठरलं. मुलगा विश्वजित, शिरवळला एका कंपनीत मेंटेनन्सला. "म्हंजी तुमच्याच लाइनीतला!" असं तातोबांनी जोतीरामला आनंदानं सांगितलं. ही बातमी आनंदाची का असावी, हे जोतीरामला आजतागायत कळलेलं नाही.

विश्वजितमध्ये नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं, आणि ते शोधण्यात जोतीरामची बरीच वर्षं गेली. मुलगा मोठ्यांच्या पाया पडे, बायकोच्या नात्यानं जोतीरामला 'दाजी' म्हणे, पंक्तीत मागून वाढून घेई. दोष एकच. तो सासुरवाडीला कंपनीचा निळा शर्ट घालून यायचा आणि त्याच्या खिशावर पिवळ्या धाग्यानं त्याचं नाव भरलेलं असायचं. जोतीरामनंही एकदा गुपचूप शिंप्याकडून तसलं नाव भरून घेतलं.

"नाव इसरतासा व्हय आलीकडं?" दीपमालानं विचारलं. शर्ट दुकानात मोटरी पुसायला गेला.

यंदाच्या चैत्रात जत्रेच्या जेवणाला दोन्ही जावई आले होते. रस्सा ओरपून झाला, हात धुऊन मंडळी ओट्यावर बसली, तेव्हा तातोबांनी विषय काढला. ते जुना ड्रम काढून मोठा बसवणार होते. ड्रम सांगून झाला होता. त्यांनी पानाला चुना लावला आणि दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेकडं बघत विचारलं:

"पाव्हणं, मोटर केवढी घ्यायची?"

वीस वर्षांत पहिल्यांदा तातोबांनी प्रश्न विचारताना जोतीरामकडं बघितलं नाही. त्याचं उत्तर तयार होतं. ड्रम मोठा होणार हे कानावर आल्यापासून त्यानं मनात हिशेब केला होता. जुन्या ड्रमच्या तारेला टाँगटेस्टर अडकवून, म्हणजे चिमट्यासारखा तो मीटर तारेभोवती घालून, भरलेला ड्रम किती करंट ओढतो ते बघितलं होतं. नवा ड्रम केवढा, हळद किती बसेल, वेग काय, सगळं धरून आकडा निघाला होता: पंधरा एचपी. वर थोडी ऐपत शिल्लक, व्होल्टेज पडलं तरी भागेल. पंधरा म्हणजे पंधरा. त्यानं घसा साफ केला.

घसा साफ करायला लागतो तेवढ्या वेळात विश्वजित म्हणाला, "पंधरा बास हाय मामा."

आता न्यायानं बघितलं तर दोन जाणकारांचा आकडा जुळला होता. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, "व्हय, मी बी तेच म्हणतो." पण 'मी बी' हे दोन शब्द जोतीरामच्या तोंडात कधी बसलेच नव्हते. ते म्हटले की तो आयुष्यभर दुसरा झाला.

"वीस," जोतीराम म्हणाला.

स्वतः जोतीरामलाच जरा आश्चर्य वाटलं.

"वीस कशाला, दाजी?" विश्वजितनं अदबीनं विचारलं. "हिशेबानं बारा-तेराचा लोड. पंधरात सगळं येतंय."

"चालत्या ड्रमाचा हिशेब केलासा तुमी. उठत्या ड्रमाचा?" जोतीराम म्हणाला. बोलता बोलता त्याला कारण सापडलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. भरलेला ड्रम जागचा हलवायला सगळ्यात जास्त जोर लागतो. आणि स्टार-डेल्टा स्टार्टरची तऱ्हा अशी, की तो मोटरीला आधी तिसरा हिस्साच जोर देतो आणि वेग आला की मग पूर्ण. त्या तिसऱ्या हिश्श्यात ड्रम रुसून बसतो. म्हणून सगळ्या हळदपट्ट्यात पद्धत अशी, की बटण दाबलं की दोन गडी ड्रमला हात लावून ढकलतात आणि मग तो लाजत लाजत फिरायला लागतो. "वीसची घ्या मामा. गड्यांनी हात लावायचं कामच न्हाई. बटण दाबलं की उठला ड्रम."

"पर पुढं दिवसभर ती मोटर अर्ध्या पोटीच चालणार न्हवं?" विश्वजित म्हणाला. "आन् ड्रममधी काय अडकलं तर—"

"तुमच्या कंपनीत गडी असतील, विश्वजितराव. हितं हमाल मिळत न्हाई."

तातोबांच्या डोळ्यांपुढं व्यापारी उभे राहिले असावेत. ढकलगाडीसारखा ड्रम ढकलणारे गडी बघून व्यापारी हसतात, हे त्यांना नेहमीच लागायचं. शिवाय दोन आकड्यांत मोठा आकडा मोठ्या जावयाचा, यात काहीतरी शिस्त होती.

"मग वीसच," तातोबा म्हणाले.

परतीच्या वाटेवर दीपमाला स्कूटरवर मागं बसून म्हणाली, "कालपतूर तर घरात पंधरा, पंधरा पुटपुटत हुतासा."

"वारा लय हाय. ऐकू येईना," जोतीराम म्हणाला.

यंदा अधिक महिना ज्येष्ठात आला. अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण आणि वाण, आणि हळदीचा हंगामही तेव्हा भर रंगात. म्हणून तातोबांनी नवा ड्रम त्याच दिवशी चालू करायचं ठरवलं. स्टार्टरचं पॅनेल जोतीरामनं स्वतः बांधलं. वायरी इतक्या सरळ बसवल्या की शाळेतल्या मुलांची रांग वाटावी. आदल्या दिवशी त्यानं जाऊन ड्रम भरून चालवून बघितला. गड्यांना हात लावू दिला नाही. ड्रम एकदा करकरला आणि उठला. जोतीरामनं टाँगटेस्टर अडकवला आणि काटा बघितला.

मीटर, दुर्दैवानं, मत्सर करत नाही. करंट अगदी पंधराच्या मोटरीला पुरेल एवढाच होता. वीसची मोटर फिरत होती खरी, पण आळसावून.

मग प्रश्न आला रिलेचा. रिले म्हणजे पॅनेलमधला पहारेकरी. त्याच्यावर एक छोटी चकती असते. स्क्रू ड्रायव्हरनं तिचा बाण एखाद्या आकड्यावर लावला, की त्याहून जास्त करंट बराच वेळ वाहिला तर तो मोटर बंद करतो. पुस्तकात लिहिलेलं असतं, की बाण मोटरीच्या पाटीवरच्या आकड्याला लावावा. पण मोटर कामापेक्षा मोठी असेल तर पाटीला धरून चालत नाही. ड्रम कुठं अडला, बेअरिंग घट्ट झालं, तर मोठी मोटर दात-ओठ न खाताच जोर वाढवत नेते, पहारेकऱ्याला वाटतं हिची रोजची ताकद एवढीच, आणि मोडतं ते मोटरीच्या पुढचं. अशा वेळी बाण खाली आणायचा, कामाला जेवढं लागतं त्याच्या जरा वर. जोतीरामनं हे दहा गिऱ्हाइकांना दरडावून सांगितलं होतं. त्यानं स्क्रू ड्रायव्हर चकतीत घातला.

आणि त्याच्या लक्षात आलं, की बाण खाली आणला तर तो बरोबर त्या आकड्यावर येतो, जो पंधराच्या मोटरीचा आहे. उद्या विश्वजित येणार. पॅनेलचं दार उघडणार. असली माणसं दुसऱ्याच्या पॅनेलचं दार उघडल्याशिवाय राहत नाहीत, स्वतः जोतीरामही राहत नसे. बाण बघणार आणि काहीच बोलणार नाही. नुसता अदबीनं हसणार.

जोतीरामनं बाण पाटीवरच्या आकड्याला ठेवला. पुस्तकातल्याप्रमाणं. पुस्तकाचा त्याला इतका आदर यापूर्वी कधी वाटला नव्हता.

धोंड्याच्या दिवशी सगळं यथासांग झालं. पुरणाचे धोंडे झाले, अनारसे झाले. अंबूबाई अनुभवी बाई. दोन्ही जावयांना वाण दिलं ते तंतोतंत सारखं, ताटाच्या काठावरची नक्षीसुद्धा एकच. तरी जोतीरामला विश्वजितचे अनारसे जास्त जाळीदार दिसले. पण त्या दिवशी त्याला त्याचंही काही वाटलं नाही, कारण गिरणीत नारळ फुटल्यावर तातोबांनी हाक मारली, "जोतीराम पाव्हणं, दाबा बटण."

त्यानं हिरवं बटण दाबलं. गडी हात बांधून बाजूला उभे होते, तीन व्यापारी बघत होते. ड्रम करकरला, डुलला आणि आपला आपण फिरायला लागला. "आयला!" एक व्यापारी म्हणाला. तातोबांनी पगडी नसलेल्या डोक्याला पगडी असल्यासारखा हात लावला. विश्वजितनं टाळ्या वाजवल्या. मग त्यानं पॅनेलचं दार उघडलं, आत डोकावला, जरा वेळ डोकावला, आणि दार लावून म्हणाला, "वायरिंग लय झ्याक केलंया, दाजी."

जोतीराम त्या रात्री जन्मात पहिल्यांदा विश्वजितबद्दल बायकोजवळ बरं बोलला. दीपमालानं त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

हंगाम जोरात चालला. गिरणीच्या दारात पोत्यांची थप्पी लागली. आणि निज ज्येष्ठ अर्धा सरत आला असताना एका सकाळी तातोबांचा फोन आला.

"ड्रम बसला," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यामुळं जोतीराम जास्त घाबरला.

तो पोचला तेव्हा ड्रम एका बाजूला कलंडून लोखंडी चौकटीवर टेकला होता, म्हैस चिखलात बसावी तसा. हळकुंडं सगळीकडं सांडलेली. एका बाजूच्या बेअरिंगमध्ये हळदीची भुकटी शिरून ते आवळत गेलं होतं, ड्रम जड होत गेला होता, मोटर निमूटपणे जोर वाढवत गेली होती, आणि शेवटी ड्रमचा शाफ्ट पिळवटून तुटला होता. कुणाला लागलं नाही, एवढं नशीब. मोटर थंडगार होती. रिलेनं डोळासुद्धा उघडला नव्हता.

जोतीरामला एका नजरेत सगळं कळलं. त्याच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर होता. बाण अर्धा वेढा खाली आणला, की कुणाला काही सांगता येणार नव्हतं. पण पॅनेलसमोर पोत्यावर तातोबा बसले होते आणि हलायचं नाव नव्हतं.

"मामा, च्या घेऊन येता का आत जाऊन?"

"झालाय माझा."

"मामी बोलवत्यात वाटतं."

"ती देवळात गेलीया." तातोबा ड्रमकडं बघत राहिले. मग म्हणाले, "विश्वजितास्नी बी फोन केलाय. निघाल्यात शिरवळहून."

"माझ्या आधी केलासा का मागनं?"

तातोबांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. मग पुन्हा ड्रमकडं.

शिरवळहून यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ जोतीराम खिशात हात घालून उभा राहिला. दोनदा त्यानं पॅनेलच्या बाजूनं चक्कर मारली. तातोबांनी जेवणही पोत्यावरच मागवलं. मोडलेल्या ड्रमचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं, ड्रम दुरुस्त होतो. वाटत होतं ते हे, की आजपासून या घरात बल्ब गेला तरी फोन शिरवळला लागणार.

दुपारी विश्वजित आला. निळा शर्ट, खिशावर नाव. त्यानं तुटलेला शाफ्ट हातात घेऊन बघितला, बेअरिंग बघितलं, मोटरीवर हात ठेवला. मग तातोबांना म्हणाला, "जरा सरा, मामा," आणि तातोबा लगेच सरले. त्यानं पॅनेलचं दार उघडलं. जोतीराम सांडलेली हळकुंडं मोजायला लागला.

दार लागल्याचा आवाज आला.

"शाफ्टचं लोखंड कच्चं निघालं, मामा," विश्वजित म्हणाला. "मोटरीचा काय दोष न्हाई. पॅनेलचा बी न्हाई."

जोतीरामच्या छातीवरचा दगड उतरला. पण दगड उतरल्यावर माणसाला आजूबाजूचं दिसायला लागतं. त्याला विश्वजितचा चेहरा दिसला. त्यावर अदब होती, आणि अदबीच्या मागं आणखी काहीतरी होतं, मऊ, मोठ्या मनाचं. विश्वजितनं त्याला वाचवलं होतं. म्हणजे आता दर जत्रेला, दर दिवाळीला, दर पंक्तीला हा माणूस समोर बसून त्याला वाचवलेलं आठवणार. भाजी वाढून घेताना आठवणार. कधीच बोलून दाखवणार नाही, कारण तो चांगला आहे. जोतीरामनं विश्वजितचा शर्ट सोसला होता, पगार सोसला होता, जाळीदार अनारसे सोसले होते. हा मोठेपणा मात्र त्याला सोसणारा नव्हता.

"लोखंडाचा दोष न्हाई," तो मोठ्यानं म्हणाला. "रिले मी चुकीचा लावला, मामा. बाण खाली पायजे हुता. आन् मोटर बी पंधराची पुरली असती. माझाच हिशेब पंधराचा हुता."

तातोबांनी पानाचा डबा बंद केला. विश्वजितचा चेहरा पडला. जोतीरामला ते स्पष्ट दिसलं आणि फार बरं वाटलं.

"आवं दाजी, कशाला आता..." विश्वजित चिडून म्हणाला. दिलेलं वाण परत आल्यासारखा त्याचा सूर होता. "मी घेत हुतो न्हवं निभावून? तो बाण तर मला धोंड्यालाच दिसला हुता!"

बोलून झाल्यावर त्यानं तोंड मिटलं. पण उशीर झाला होता.

"धोंड्याला?" तातोबा म्हणाले.

त्यांनी पानाचा डबा खाली ठेवला.

"तुमाला दिसला हुता. ड्रम मोडंल ह्ये ठाऊक हुतं. मग बोललासा का न्हाई, पाव्हणं?"

विश्वजितनं खाली बघत पायानं एक हळकुंड इकडून तिकडं केलं. कंपनीतला माणूस नाहीसा झाला आणि त्याच्या जागी कुणीतरी रुसलेला उभा राहिला.

"मी काय बोलणार, मामा? जत्रंला बोललो पंधरा, तवा कुणी ऐकलं? बटण दाबायला त्यास्नी बोलवलंसा. ह्या घरात मिक्सर घ्यायचा झाला तरी दाजींना फोन. संयोगिता बी घरात तेच, दाजींना इचारा, दाजींना इचारा. आमच्या घरचा गिझर लावला तवा सुदिक तिनं सांगलीला फोन केलता. मी समोर उभा! इलेक्ट्रिकचा डिप्लोमा झालेला माणूस!"

गिझरचा फोन जोतीरामला आठवत होता. त्यानं तिला अर्थिंगबद्दल बरंच सांगितलं होतं.

त्याला आता नेमकं काय वाटत होतं, हे सांगणं अवघड आहे. लाज वाटायला हवी होती आणि थोडीशी वाटतही होती. पण तिच्या खालून काहीतरी गरम आणि गोड वर येत होतं. लग्नापासून हा माणूस आपल्यावर जळत होता. आपल्यावर! खिशावर नाव असलेला माणूस! जोतीरामनं आयुष्यभर इतरांकडं बघून जे भोगलं, ते त्याच्याकडं बघून कुणीतरी भोगत होतं, शिरवळात, गिझरसमोर उभं राहून. भावाला फौजेमुळं मिळणारा मानसुद्धा याच्यापुढं काही नव्हता.

"दोघांस्नी बी ठाऊक हुतं," तातोबा सावकाश म्हणाले. त्यांनी पुढं आणखी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते उठले, फोन काढला आणि दोघांच्या देखत मिरजेच्या एका माणसाला लावला.

हा माणूस पुष्कर नावाचा, पॅनेलची कामं करणारा, शहरी बोलण्याचा आणि बिनसाखरेच्या चहाचा. दुसऱ्या दिवशी लेथवाल्याकडून नवा शाफ्ट आला, बेअरिंगला भुकटी आत जाऊ नये म्हणून झाकण बसलं, आणि पुष्करनं ड्रम भरून चालवायला सांगितला. टाँगटेस्टर अडकवला. मीटर बघितला. मग खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून रिलेचा बाण अर्धा वेढा खाली आणला.

"मोटर कामाच्या मानानं थोडी मोठी आहे," तो तातोबांना म्हणाला. "पण आता घेतलीच आहे, तर राहू दे. काही बिघडत नाही."

"झालं?" तातोबांनी विचारलं.

"झालं."

दोन्ही जावई बाजूला उभे राहून बघत होते. विश्वजितनं त्यासाठी रजा वाढवली होती. का, ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"ह्या मोटरीचं वाइंडिंग एकदा तपासून घ्यायचं का? आन् आमच्या घरच्या पिठाच्या चक्कीला नवी मोटर घ्यायचीया," तातोबा पुष्करला म्हणाले. "केवढी घ्यावी? चला, आत बसून बोलू. जेवूनच जावा." मग दाराशी थांबून त्यांनी मागं वळून बघितलं. "ड्रम चालू हाय. तुमी दोघं बसा हितं. लक्ष ठेवा."

दोघे पोत्यांवर बसले. ड्रम शहाण्यासारखा फिरत होता. पिवळी भुकटी हवेत तरंगत होती आणि विश्वजितच्या निळ्या शर्टावर बसून त्याचा हिरवा करत होती.

"बेअरिंगला हात लावून बघितलं का त्यानं?" विश्वजितनं विचारलं.

"न्हाई."

"लावायला पायजे हुता."

"तर काय," जोतीराम म्हणाला.

मग विश्वजितनं गुडघ्यावरची हळद झटकली.

"दाजी, एक इचारू?"

जोतीरामनं मान वळवली.

"आमच्याकडं एक ब्लोअर हाय. सकाळी बिनघोर चालतोय. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला रिले उडतोय. मोटर बगावी तर गार. रिले बदलून बघितला, तरी तेच. काय आसंल?"

जोतीरामला उत्तर 'दुपारी' हा शब्द ऐकतानाच कळलं होतं. पण इतक्या वर्षांनी आलेला प्रश्न असा झटकन संपवायचा नसतो. त्यानं ड्रमकडं बघितलं. डोळे बारीक केले. हळूहळू मान हलवली.

"पॅनेल कुठं हाय?" त्यानं विचारलं. "उन्हात का सावलीत?"

विश्वजितचं तोंड उघडं राहिलं. मग त्यानं कपाळावर हात मारला.

"पत्र्याच्या शेडबाहेर, पश्चिमेला तोंड करून."

"मग मोटर तापत न्हाई, विश्वजितराव. पहारेकरीच तापतोय."

"व्हय की," विश्वजित हळू आवाजात म्हणाला, आणि त्याला ते सोसलं, निदान सोसल्यासारखं दिसलं.

जोतीराम पॅनेलला आडोसा कसा करावा ते सांगायला लागला. पत्रा केवढा लावावा, वारा कुठून खेळवावा. विश्वजित ऐकत होता. एवढ्यात आतून तातोबांच्या हसण्याचा आवाज आला, त्यामागून पुष्करचा, आणि अंबूबाईंचा "आणखी एक घ्या की" असा आग्रह. जोतीराम बोलता बोलता थांबला. दोघांनी एकदमच आतल्या दाराकडं बघितलं.